उशिरा दिलेला हुंकार

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. पुढची शाळा लांब होती, आणि जवळ असती तरी मी गेलेच असते असे नाही. वर्गात बाई प्रश्न विचारत, उत्तर मला येत असे, पण ते तोंडातून बाहेर पडत नसे. अक्षर मात्र चांगले होते आणि अजून आहे. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून सरळच लिहिते की मला मानसशास्त्र येते. एका पुस्तकापुरते येते, पण तेवढे पक्के येते.

ते ज्या मुलीमुळे आले ती आमच्या शेजारची. मधे फक्त एक दगडी गडगा आहे. वडील गोव्यात कामाला, शनिवारी येतात. आई घरी शिवणकाम करते. मुलीची नजर दहावीनंतर हळूहळू गेली, डोळ्यांच्या पडद्याचा आजार. आता तिला उजेड कळतो, समोर कुणी उभे आहे एवढे कळते, अक्षर दिसत नाही. तरी ती कॉलेजला गेली. परीक्षेत ती तोंडाने उत्तर सांगते आणि शेजारी बसलेला लेखनिक ते लिहितो.

शेवटच्या वर्षी तिच्या मावशीची मुलगी लेखनिक होती, बारावीतली. तिने मदत म्हणून मानसशास्त्राच्या पेपरात आपल्या मनाची वाक्ये घातली. तपासणाऱ्याच्या लक्षात आले, पेपर रोखून धरला गेला, आणि कॉलेजात बोलावून या मुलीला विचारले की यातले तुझे किती. तिला सांगता आले नाही, कारण काय लिहिले गेले ते तिने पाहिलेच नव्हते. बाकी सगळे पेपर सुटले, हा राहिला. कुडाळजवळच्या एका विशेष मुलांच्या शाळेने तिला सांगून ठेवले होते, जूनपर्यंत पदवी हातात असेल तर कामाला ये. म्हणजे तिचे सगळे या एका पेपरावर अडले होते.

दिवाळीच्या आधी ती आईचा हात धरून आमच्या पडवीत आली आणि म्हणाली, "काकी, माका असो माणूस होयो, जेका कायएक येणा नाय."

आईने तिला कोपराने ढोसले. ती म्हणाली, ढोसतंस कित्याक, नियमच तसो आसा. लेखनिकाचे शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी लागते, आणि गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर तिला असे कुणी हवे होते की ज्याच्यावर कुणाचा संशय जाणार नाही. चौथी शिकलेली बाई, काजूच्या शेडमध्ये कामाला, स्वतःहून कुणाशी न बोलणारी. मला राग आला नाही. नियमात बसणे माझ्या वाट्याला फार वेळा आलेले नव्हते. शिवाय नाही म्हणायचे तर बोलावे लागले असते.

पुस्तक वाचून दाखवायचे कामही माझ्याकडेच आले. तिचा फोन वाचतो, पण त्या पुस्तकाची छपाई पुसट, जोडाक्षरे फोनला लागत नसत. आई वाचायची ती पुढ्यातले शिलाईचे काम संपवायच्या घाईने. मी चार वाजता शेडमधून येई, हात धुई आणि गडगा ओलांडून जाई. पहिल्या दिवशी मी इतक्या हळू आवाजात वाचले की ती म्हणाली, माझे कान बरे आसत गो काकी, पण वटवाघळाचे नाय.

तिची रीत अशी की नुसती व्याख्या वाचून पुढे जायचे नाही. शब्द आला की आमच्या वाडीतला दाखला शोधायचा, मग पान उलटायचे. पुस्तकातले दाखले सगळेच लिहितात, तिला स्वतःचे हवे होते. सुरुवातीला ती सांगायची आणि मी ऐकायची. आठवड्याभरात मी सांगू लागले.

उद्दीपक म्हणजे ज्याच्यामुळे आपण काही करतो ती गोष्ट, आणि आपण करतो ती प्रतिक्रिया. आमच्याकडे मासेवाला स्कूटरवरून भोंगा वाजवत येतो. मासा दिसायच्या आधीच मांजरे गडग्यावर हजर. मांजराच्या पिल्लाला भोंगा कळत नाही. भोंग्यामागून मासे येतात हे दहा वेळा झाले की कळतो. याला अभिसंधान म्हणतात. मग गेल्या मे महिन्यात कुल्फीवाला तसाच भोंगा घेऊन आला आणि सगळी मांजरे त्याच्याभोवती जमली होती, ते मला आठवले. सारख्या दिसणाऱ्या, सारख्या ऐकू येणाऱ्या गोष्टीला तीच प्रतिक्रिया देणे, याला सामान्यीकरण म्हणतात. हे मी सांगितले तेव्हा ती इतकी हसली की तिची आई मशीन थांबवून बघायला आली.

अनुकूलन म्हणजे एकच संवेदन सतत मिळाले की ते जाणवेनासे होते. काजूच्या टरफलाचा वास माझ्या कपड्यांना, केसांना असतो. एसटीत शेजारची बाई खिडकी उघडते, मला काही कळत नाही. मुलगी म्हणाली, मी आवाजाआधी तुला वासावरून ओळखते. अवधान म्हणजे अनेक गोष्टींतून एकीवर मन लावणे. आमच्या शेडमध्ये गर निवडायच्या टेबलावर अख्खे, पाकळी, कणी असे वेगळे करायचे असते. शेकडो गरांतून डाग पडलेल्या एकावरच हात जातो. बोलणाऱ्या बायकांच्या ताटात डागी गर राहतात, माझ्यात राहत नाहीत. आंशिक प्रबलन म्हणजे बक्षीस कधी मिळते कधी नाही, आणि म्हणूनच सवय सुटत नाही. माझा नवरा पर्यटकांच्या हंगामात देवबागला होडीवर असतो आणि बाकीचे दिवस खाडीवर गरी टाकून बसतो. रोज मासा लागला असता तर तो कंटाळला असता. कधीच लागला नसता तर घरी आला असता. चार दिवसांनी एक लागतो, म्हणून तो उठत नाही. हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, तुझा पुस्तक माझ्यार कित्याक चलवतंस.

अंतर्मुख हा शब्द आला त्या दिवशी मी तो परिच्छेद दोनदा वाचला. ज्याचे लक्ष आत वळलेले असते, ज्याला थोडी माणसे पुरतात, बोलण्याआधी विचार लागतो. पुस्तक म्हणते की हा माणसाचा एक प्रकार आहे, दोष नाही. दोन पानांनंतर न्यूनगंड आला. आपण इतरांपेक्षा कमी आहोत असे मनात धरून बसणे. मी चाळीस वर्षे या दोन्ही गोष्टी एकच समजत होते. मुलीने विचारले, काकी, तू यातली कुठची? मी म्हटले, पहिली. मला विचार करावा लागला नाही.

एकाच ठिकाणी ती सारखी अडायची. ऋण प्रबलन आणि शिक्षा. ऋण म्हणजे वजा, तेव्हा ऋण प्रबलनाने वागणे कमी होत असणार, असे तिच्या डोक्यात बसले होते. पुस्तकाचा दाखला तिला पटेना. मग मी शेडमधले सांगितले. काजूची बी फोडताना टरफलाचे तेल उडते, कातडी जळते. नवी बाई कोरड्या हाताने बी धरते, भाजते, पुन्हा कोरड्या हाताने धरत नाही. ही शिक्षा, वागणे कमी झाले. दुसऱ्या दिवसापासून ती हाताला आधी खोबरेल लावते. लावले की भाजणे टळते, म्हणून लावायची सवय वाढत जाते. हे ऋण प्रबलन. नको ती गोष्ट दूर गेली म्हणून वागणे वाढले. वजा होतो तो त्रास, वागणे नाही. तिने माझे हात हातात घेऊन चाचपले आणि म्हणाली, आता विसरूचंय नाय.

फेब्रुवारीपासून आम्ही पेपर लिहायचा सराव केला. ती एक वाक्य सांगे, मी लिही, लिहून झाले की "हं" म्हणे, मग ती पुढचे सांगे. गोष्ट ऐकताना हुंकार देतात तसा. ती चुकली तर तोंडावर चूक म्हणणे मला जमत नसे. मी नुसती गप्प राही. माझा हुंकार आला नाही की ती स्वतःच म्हणे, थांब, थांब, आणि वाक्य दुरुस्त करी. मला ते सोयीचे वाटले, तिलाही. भोंगा आणि मांजरे यांची व्याख्या दोघींना पाठ होती, आणि आपण काय करतो आहोत हे दोघींच्याही लक्षात आले नाही.

पेपर मार्चमध्ये होता. सकाळच्या एसटीने आम्ही तिघी कुडाळला गेलो. तिची आई बाहेर झाडाखाली बसली. आम्हा दोघींना वेगळी खोली दिली होती आणि तिथे देखरेखीला एक मॅडम होत्या. त्यांनी माझा चौथीचा दाखला पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि नियम सांगितला. ती सांगेल तेच आणि तसेच लिहायचे. ती म्हणाली तर वाचून दाखवायचे. आपले काही बोलायचे नाही. या शेवटच्या गोष्टीची मला अडचण वाटली नाही.

पहिले दोन प्रश्न सरावासारखेच, वाक्यामागून हुंकार, असे छान गेले. तिसरा प्रश्न होता, ऋण प्रबलन व शिक्षा यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा. ती हसली. काजूचे सगळे तिने बरोबर सांगितले, सावकाश, पुस्तकी मराठीत. शेवटचे वाक्य होते, शिक्षेमुळे वर्तन कमी होते आणि ऋण प्रबलनामुळे वर्तन वाढते. मी ते लिहिले आणि उत्तरपत्रिका संपली. पुरवणी हवी होती.

मी हात वर केला. मॅडम दाराकडे तोंड करून काही लिहीत होत्या. "मॅडम" एवढे म्हणायचे होते. एक शब्द. तो माझ्या घशातून निघेना. मी हात वर धरून बसले, त्या वळतील म्हणून. अर्धे मिनिट गेले असेल. त्या वळल्या, पुरवणी दिली, ती बांधायला दोरा दिला. मी दोरा ओवत होते तेवढ्यात मुलगी म्हणाली, "खोड. उलटा झाला."

तिने शेवटचे वाक्य खोडायला लावले, मग तेलाचा सगळा दाखला खोडायला लावला. त्याजागी सांगितले, ऋण प्रबलनामुळे वर्तन कमी होते, कारण ऋण म्हणजे वजा. ती ज्या जुन्या चुकीतून महिनाभर खपून बाहेर आली होती, तीत परत गेली, आणि तिला परत पाठवले होते माझ्या गप्प बसण्याने. मी गप्प बसले ते पुरवणीसाठी. तिने ऐकले ते नेहमीचे, चूक झाली आहे.

मी लिहिले. ती सांगेल ते लिहायचे होते. लिहिताना माझ्या डोक्यात एकामागून एक सगळे लागत गेले. माझा हुंकार हा उद्दीपक झाला होता. तो नसणे हाही उद्दीपक झाला होता. मी आता श्वास जरी वेगळा घेतला तरी तो तिला उत्तर सांगण्यासारखा होता, आणि मॅडमना कधी कळले नसते. ती वाचून दाखव म्हणाली असती तर खोडलेल्या ओळीवर जरा रेंगाळले की काम झाले असते. गेल्या वर्षीच्या मुलीने केले तेच, फक्त शाई न वापरता. ते मी करणार नव्हते. पण जी चुकीची खूण माझ्याकडून गेली होती, ती तशीच ठेवणेही मला बरोबर वाटले नाही.

पुस्तकात विलोपन म्हणून शब्द आहे. भोंगा वाजतो आणि मासे येत नाहीत, असे पुन्हा पुन्हा झाले की मांजरे यायची बंद होतात. खुणेतला अर्थ निघून जातो. मी ठरवले की आता प्रत्येक हुंकार उशिरा द्यायचा. बरोबर असो, चूक असो, मनात दहा मोजायचे आणि मगच "हं".

पहिल्या वाक्याला मी दहा मोजले. तिने एक शब्द बदलला. दुसऱ्यालाही मोजले. तिने ओठ चावला आणि वाक्य तसेच ठेवले. असे करताना ती आणखी बरोबरचे खोडू शकत होती, हे मला कळत होते. मग ती म्हणाली, "प्रश्न चौथा." मी "प्रश्न चौथा" लिहिले आणि दहा मोजले.

प्रश्नाचा आकडा चुकू शकत नाही. नुकताच मॅडमनी तो मोठ्याने वाचून दाखवला होता. मुलीने मान माझ्याकडे वळवली, मग परत समोर केली. मी दहा झाल्यावर "हं" म्हटले.

पुढचा सबंध प्रश्न तिने माझ्या हुंकाराची वाट न बघता सांगितला. लेखणी टेकल्याचा आवाज थांबला की ती पुढे जायची. पाचवाही तसाच. शेवटी जादा मिळालेल्या वेळात ती म्हणाली, तिसऱ्या प्रश्नाचे खोडलेले आणि न खोडलेले दोन्ही वाच. मी वाचले, दोन्ही एका चालीत, भजनात नवखी बाई टाळ वाजवते तसे. तिने हाताची बोटे एकमेकांवर घासली. मग म्हणाली, "खोडलेला आसा ता बरोबर आसा. ता परत लिही." मी खाली ते सगळे पुन्हा लिहिले, ती सांगेल तसे.

पेपर जमा झाल्यावर तिची आई तिला नळावर घेऊन गेली. मी मॅडमजवळ गेले. मला घरी जाता आले असते. पण एकदा या मुलीला विचारले गेले होते की यातले तुझे किती, आणि पुन्हा कधी कुणी विचारले तर उत्तर माझ्याकडे असायला हवे होते. मी मॅडमना सगळे सांगितले. सराव, हुंकार, पुरवणी, दहा मोजणे. वाक्ये सरळ आली. त्यांनी विचारले, मावशी, तुम्ही तिला शब्दाने काही सांगितलेत का? मी नाही म्हटले. इशाऱ्याने? मी म्हटले, एक इशारा चुकून गेला होता, तो परत घेतला. त्यांनी तिसरा प्रश्न उघडून खोडाखोड पाहिली, वरचे आणि खालचे वाचले. मग म्हणाल्या, सगळं माझ्यासमोर तिनेच सांगितलं आहे, मी ऐकत होते. आणि त्यांनी पानाच्या कडेला सही केली.

परतीच्या एसटीत मी मुलीलाही सांगितले. मला वाटले होते ती हसेल. कसाल आले तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी तुझ्या 'हं'वर चल्लंय. माझा माका काय येता?"

येते गो, असे तिची आई म्हणाली, पण आई म्हणणारच.

निकाल मे महिन्यात लागायचा होता. त्याआधी, एका दुपारी ती एकटी खोलीत गेली, दार लावून घेतले, आणि आईच्या फोनवर सबंध पुस्तक आठवणीतून, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, व्याख्या आणि दाखल्यांसह बोलून ठेवले. दोन दिवस लागले. मग फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ऐक आणि सांग. मी तो फोन घरी नेला. वाटण वाटताना, तांदूळ निवडताना ऐकत राहिले. तिच्या आवाजात मधे कुठे वाट पाहणे नव्हते. ऋण प्रबलन आले तेव्हा ती एका दमात बोलून गेली आणि बरोबर बोलली.

निकालात तिचा पेपर सुटला. जूनपासून ती कुडाळच्या त्या शाळेत जाते, सकाळच्या गाडीने, पांढरी काठी घेऊन. पण फोन मी तिला परत दिला तो निकालाच्या आधी. गडगा ओलांडून गेले, तिच्या समोर बसले आणि म्हटले, "बाय, दोन ठिकाणी चुकलंस."

चूक हा शब्द मी तिला तोंडाने पहिल्यांदाच म्हटला. तिने विचारले, खंय? मी सांगितले. पहिली तिने लगेच मान्य केली. दुसरीवर ती हटून बसली, मीही बसले. शेवटी पुस्तक काढले, तो परिच्छेद मी मोठ्याने वाचला, आणि ती बरोबर होती. मीच तो शब्द महिनोन् महिने चुकीचा समजत होते. ती म्हणाली, बघ, माझा माका येता. मी म्हटले, येता तर, आणि पान उलटले.